पावाला पेट्रोलचा वास

मित्रांनो, वासावरून ओळख सांगायची वेळ कोणावर येऊ नये. माझ्यावर ती आली. मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग गडद तपकिरी, वय अठ्ठावीस. गेल्या वर्षी तीन महिने सारी गल्ली मला डोळ्यांनी नव्हे, नाकाने ओळखत होती. त्या तीन महिन्यांची हकीकत आज सांगते. सांगताना लाज वाटते, पण मनात ठेवून ती कमी होत नाही हे मी अनुभवाने शिकले आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकाने टाकी बसवली, दुसऱ्याने चाके लावली, तिसऱ्याने पोटात तेल ओतले. चौथ्याने नुसता हॉर्न वाजवून पाहिला आणि मला पुढे ढकलले. तेव्हा मला वाटले होते की जगात हॉर्न वाजवण्याइतके महत्त्वाचे काम दुसरे नसावे.

मला घरी आणले ते पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्या एका माणसाने. घरोघर जायचे, जमिनीतल्या पेटीचे झाकण उचलायचे, आत वाकून आकडे वाचायचे आणि वहीत लिहायचे, हे त्यांचे काम. गल्ल्यागल्ल्यांत त्यांना मीटरकाका म्हणत. माझा आवाज आला की बायका झाकणावरच्या कुंड्या बाजूला करायला धावत. काका माझ्यावरून उतरले की आधी एक काम करत. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉककडे न बघता हात नेत आणि त्याची छोटी दांडी सीटकडे, म्हणजे मागे फिरवत. दांडी मागे गेली की टाकीतले पेट्रोल बंद. दिवसाला साठ-सत्तर घरे, म्हणजे साठ-सत्तर वेळा. चोवीस वर्षे त्या बोटांनी हे केले. लोक म्हणत, काकांची गाडी बघा, खाली एक थेंब सापडायचा नाही. मी फुशारून जाई.

नव्या नवरीला घेऊन आले ते माझ्यावरूनच. पुढे मुलगा झाला तेव्हा इस्पितळातून त्यांनी मला इतक्या सावकाश आणले की सायकलवाले मागे टाकून गेले. मुलगा मोठा झाला, माझ्यावरच चालवायला शिकला, दोनदा मला कुंपणावर घातले आणि पुढे लग्न करून, बायकोला घरी ठेवून रस्ते बांधण्याच्या कामावर दूर निघून गेला. काकू वारल्या. काका निवृत्त झाले. माझ्या वाट्याला आठवड्यातून एक फेरी आणि वर टाकलेले पोते आले. म्हातारपण असेच असायचे अशी मी मनाची समजूत घातली होती.

मग एके दिवशी वळणावर वाळू होती आणि आम्ही दोघेही आडवे झालो. माझा आरसा फुटला. काकांचे मनगट मोडले आणि डोके आपटले. मनगट जुळले, पण मुलाने फोनवरून फर्मान काढले की बाबांनी यापुढे गाडीला हात लावायचा नाही. खुंटीवरची किल्ली सूनबाईंच्या पिशवीत गेली. काकांनी ते मानले. रोज सकाळी फडके घेऊन मला पुसत, तेवढे त्यांनी चालू ठेवले. काही दिवसांनी सूनबाईंनी तेही फडके हातातून काढून घेतले. "बाबा, कंबर दुखेल तुमची, मी पुसते," म्हणाल्या. मायेनेच म्हणाल्या. पण काका त्यानंतर आठ दिवस माझ्याकडे आलेच नाहीत.

सूनबाई घरात पाव भाजत. आधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या लांब रांगेत बसत. तिथून सुटून त्यांनी मागच्या खोलीत भट्टी बांधली आणि मुलींच्या एका वसतिगृहाचे काम मिळवले. रोज पहाटे दहा ट्रे पाव. त्या कामावरच भट्टी पेटत होती, पाव घेणारी बाकीची दुकाने नावापुरती. ते ट्रे नेण्यासाठी मला पुन्हा रस्त्यावर काढले. मागे लोखंडी कॅरिअर बसला, पाठीवर ताजे पाव आले. खरे सांगते, मीटरच्या वहीपेक्षा मला ते ओझे आवडले. मी पुढे आणि माझ्या मागे ताज्या पावाचा वास, अशी वरात रोज निघायची.

माझी जागा पुढच्या खोलीत होती. बाहेर ठेवायची सोय नव्हती, कारण गल्लीतून माझे दोन आरसे आधीच कोणी पळवले होते. एका बाजूला पाव निवायला ठेवायच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला मी. खोली धुतल्यावर पाणी वाहून जावे म्हणून फरशीला नालीकडे उतार दिलेला. त्या उतारावर मी एका पायाच्या स्टँडवर चांगलीच कलून उभी असे.

गेल्या वर्षी माझा जुना कॉक जाम झाला. गल्लीच्या टोकाला एक मेकॅनिक आहे. दहा-बारा नंबरचा पाना सदा त्याच्या खिशातून डोकावतो म्हणून त्याला सगळे दहाबारा म्हणतात. त्याच्या आईनेसुद्धा एकदा त्याला तसेच हाक मारलेली मी ऐकली आहे. माझ्या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. त्याने शोधाशोध करून दुसऱ्या गाडीचा कॉक बसवला. हा मात्र उलटा होता. दांडी पुढे केली की बंद, मागे केली की चालू. दहाबाराने सूनबाईंना दोनदा करून दाखवले. त्या शहाण्या, लगेच शिकल्या. काकांना कोणी सांगितले नाही. ते गाडी चालवतच नव्हते, मग सांगायचे कशाला?

आठवडाभरात वास सुरू झाला.

आधी सूनबाईंना वाटले, आपल्याच हाताला लागला असेल. मग तो पदराला येऊ लागला, मग फळ्यांना, आणि एके सकाळी वसतिगृहाच्या बाईंनी पाव मोडला, नाकाशी नेला आणि दोन ट्रे परत केले. मुलींनी नाव पाडले, पेट्रोल पाव. मुलीच त्या, त्यांना काय, हसायला निमित्त हवे. पण सूनबाई परत येताना हुंदके देत होत्या आणि त्यांचे आसू माझ्या टाकीवर पडत होते. परत आलेले पाव त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकले. त्याने हुंगले आणि पाठ फिरवली. मित्रांनो, जे कुत्रे टायरही चावते, त्याने माझ्या संगतीतला पाव सोडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

कारण मला ठाऊक होते. आत, इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या माझ्या कार्बोरेटरमध्ये एक बोटाच्या पेराएवढी सुई आहे. पुरेसे पेट्रोल आले की ती वाट अडवते. वयाने तिचे टोक झिजले होते. मी सरळ उभी असले की ती जेमतेम जागेवर बसे. उतारावर कलले की बसत नसे आणि पेट्रोल थेंब थेंब बाहेर पडे. अर्थात, वरचा कॉक बंद असेल तर पेट्रोल खाली येणारच कुठून? आणि सूनबाई तर रोज सकाळी दहाला परत आल्या की दांडी पुढे करून तो नीट बंद करत.

मग दुपारी साडेबाराला काय होई ते ऐका. पहाटे उठलेल्या सूनबाई जेवून दोन तास झोपत. त्या झोपल्या की काका पाय न वाजवता माझ्यापाशी येत, वाकत, आणि कॉक चाचपत. दांडी पुढे! त्यांच्या हिशेबाने पुढे म्हणजे चालू. बिचारी दमते, विसरते, असे पुटपुटत ते दांडी मागे फिरवत आणि समाधानाने माझ्या टाकीवर हात ठेवून निघून जात. त्या हाताची मी वाट पाहत असे. तोच हात मला वाहायला लावतो हे कळत असूनही वाट पाहत असे. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

थेंब पडत आणि उताराने नालीत निघून जात, म्हणून फरशीवर डाग राहत नसे. नुसता वास राही, तो पावात शिरे.

दहाबाराने काय नाही केले? नळी बदलली. टाकीच्या झाकणाचे रबर बदलले. टाकी उतरवून सांध्यावर साबण चोळला. कार्बोरेटर उघडून धुतला, पण ती सुई त्याने पुसून परत बसवली, टोक उजेडात धरून पाहिले नाही. त्याच्या दुकानातली फरशी सपाट, मी तिथे मधल्या स्टँडवर सरळ उभी, त्यामुळे तासभर कॉक चालू ठेवूनही एक थेंब गळला नाही. तो माझ्याभोवती नाक लावून फिरला, नळीपासून सायलेन्सरपर्यंत. येणारे-जाणारे हसत होते.

त्याने सूनबाईंना विचारले, घरी उभी करताना कॉक रोज बंद असतो ना?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सूनबाईंना एखाद्या दिवशी नव्हे, रोजच पहाटे दांडी मागे सापडत होती. म्हणजे चालू. त्यांना वाटे, आपणच विसरलो. रोज ठरवून बंद करायच्या आणि रोज पहाटे तो उघडाच सापडायचा. एवढ्या कमी वयात असे व्हायला लागले, हे कोणाला सांगणार? त्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती.

"रोज बंद करते," त्या म्हणाल्या. "मी काय लहान आहे? तुम्हीच कुठला तरी भंगार कॉक बसवलात आणि आता माझ्यावर ढकलताय."

दहाबाराची मान खाली गेली. त्याने पाना खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, वीस वर्षं झाली मला या धंद्यात. मला नाही सापडत. दुसऱ्या कोणाला तरी दाखवा."

गिऱ्हाइकांतला एक जण आपली स्कूटर घेऊन तसाच निघून गेला. मी सगळे ऐकत उभी होते. सूनबाई पहाटेची गोष्ट लपवत होत्या हे मला माहीत होते, त्यांनाही माहीत होते. आम्ही निघताना दहाबारा एवढेच म्हणाला की त्याचे गुरू गळती शोधायला भुकटी टाकत, जिथे ओले होईल तिथे ती काळी पडते.

घरी त्या काकांशीही बोलेनाशा झाल्या होत्या. त्याचे कारण असे. रोज संध्याकाळी पाव भट्टीतून निघाले की काका दारात उभे राहून म्हणत, "वा, काय वास सुटलाय!" आधी सूनबाईंना हे ऐकून बरे वाटे. पण खोलीत पेट्रोलचा दर्प भरलेला असतानाही ते तेच म्हणू लागले, तेव्हा त्यांना वाटले, म्हातारा टोमणे मारतोय. एकदा तर त्यांनी हातातला ट्रे आपटला. काका आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच म्हणाले, जरा हळू.

मग शनिवारी वसतिगृहाच्या बाईंनी सहा ट्रे परत केले आणि स्वच्छ सांगितले की सोमवारीही वास आला तर काम दुसऱ्याला जाईल. बाई काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला रोज साठ मुलींना उत्तर द्यावं लागतं हो." सूनबाई घरी आल्या आणि भट्टीच्या दारात बराच वेळ बसून राहिल्या. शिलाईच्या त्या रांगेत त्यांची पाठ कशी मोडायची ते मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते.

रविवारी सकाळी त्यांनी खोली कोरडी पुसली. मैद्याची बारीक चाळण घेतली आणि माझ्याखाली सगळीकडे पिठाचा पातळ थर चाळला. माझ्या इंजिनावरही चाळला. भुवया पांढऱ्या झालेल्या म्हाताऱ्यासारखी मी दिसत असेन. कॉक त्यांनी बंद केला, दांडी पुढे आहे हे बोट लावून तीनदा पाहिले आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या, "बंद केला. मी केला." आणि दुपारी जेवल्यावर झोपायच्या खोलीत न जाता भट्टीच्या दारामागे उभ्या राहिल्या.

साडेबाराला काका आले. पिठाकडे त्यांचे लक्ष गेले नाही, डोळे अधू झालेले. ते गुडघे टेकून बसले, चाचपले, दांडी मागे फिरवली आणि टाकीवर हात ठेवला. मी मनातल्या मनात ओरडत होते. ओरडून काय उपयोग?

"बाबा, काय करताय?" सूनबाई बाहेर आल्या.

काका दचकले. चोरी पकडल्यासारखे त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. उठायला गेले, उठता येईना.

"काही नाही गं. कॉक उघडा होता, बंद केला."

"रोज करता?"

काकांनी दांडीकडे बोट केले. "रोजच उघडा असतो," ते म्हणाले. "तू दमतेस. होतं असं. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. म्हणून म्हटलं, आपणच गुपचूप करून टाकावं."

तेवढ्यात माझा पहिला थेंब पडला. पांढऱ्या पिठात एक काळा ठिपका उमटला. मग दुसरा, त्याच्याच शेजारी. सूनबाई त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. मीही बघत होते, आणि मला वाटत होते की फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे.

"बाबा, वास येत नाही का तुम्हाला? केवढा दर्प सुटलाय."

"मला वास येत नाही," काका म्हणाले. "पडलो ना, तेव्हापासून. कसलाच नाही येत."

"मग रोज पावाचा म्हणता तो?"

"अगं, पाव निघाले की येतच असेल ना चांगला. तू एवढी राबतेस. कोणीतरी म्हणायला नको?"

सूनबाई त्यांच्यासमोर पिठातच बसल्या. त्यांनी काकांचा हात धरला, दांडीवर ठेवला आणि पुढे नेला. म्हणाल्या, "बाबा, हा नवा कॉक आहे. हा उलटा आहे. असा पुढे केला की बंद होतो. मी तुम्हाला सांगायला हवं होतं." काकांनी स्वतः एकदा मागे, एकदा पुढे करून पाहिले. थेंब थांबला. त्यांना सगळे कळायला क्षणही लागला नाही, मीटर वाचणारा माणूस तो.

"किती दिवस झाले कॉक बदलून?"

"तीन महिने."

"म्हणजे पाव मी नासवले," काका म्हणाले, आणि त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले, सूनबाईंना दिसू नये म्हणून. मला दिसले. ते मी कोणाला सांगणार नाही.

संध्याकाळी दोघे मला ढकलत दहाबाराच्या दुकानात घेऊन गेले. रविवार असूनही तो तिथे काहीतरी ठोकत बसला होता, आणि शेजारच्या टपरीवर त्या दिवशीची तीच माणसे होती. सूनबाईंनी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की कॉक रोज पहाटे उघडा सापडत होता, त्यांना ते माहीत होते, आणि तरी त्या खोटे बोलल्या. काका मध्ये पडून म्हणाले की उघडत मी होतो, पोरीचा दोष नाही.

दहाबारा पान्याशी चाळा करत उभा राहिला. रागावण्याचा हक्क त्याला होता. पण तो काकांना म्हणाला, "काका, तुमची गाडी. कॉक बदलला तेव्हा आधी तुम्हाला दाखवायला पाहिजे होता. माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग त्याने माझा कार्बोरेटर उघडला, ती सुई काढली आणि या वेळी उजेडात धरली. टोकाभोवती झीज होऊन कडे पडले होते. त्याने ते सगळ्यांना दाखवले. चार माणसांसमोर माझ्या पोटातले पाप असे बोटांच्या चिमटीत धरलेले होते, आणि मी तिथून कुठे जाणार? नवी सुई बसली.

सोमवारी वसतिगृहाच्या बाईंनी पाव मोडला, हुंगला, पुन्हा हुंगला. पाच ट्रे आत घेतले. उरलेल्या पाच ट्रेंचे काम त्यांनी रविवारीच दुसऱ्याला देऊन टाकले होते. ते अजून परत आलेले नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. पाच ट्रेंवर भट्टी कशीबशी पेटते आहे.

आता दहाला परत आल्या की सूनबाई कॉकला हात लावत नाहीत. गाडी आली, एवढेच सांगतात. काका येतात, वाकतात, बोटाने चाचपून दांडी पुढे करतात आणि विचारतात, "बरोबर?" सूनबाई वाकून बघतात आणि बरोबर म्हणतात. कधीकधी चोवीस वर्षांची सवय जोर करते आणि दांडी मागे जाते. मग त्या नाही म्हणतात, आणि काका ती पुढे करतात. कोणी खजील होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. वर्षातून एकदा त्याचे पोट उघडून बघा. आम्ही झिजतो आणि लाजेने गप्प बसतो. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काम काढून घेतलेत, तर त्या कामात पुढे काय बदलले ते त्याला सांगत जा. त्याचे हात ते काम विसरलेले नसतात.

तीन महिने मी ठिबकत राहिले आणि रोज स्वतःला समजावत राहिले की मला तोंड नाही, असते तर पहिल्याच दुपारी सांगितले असते. आता तसे म्हणत नाही. त्या तिघांनाही तोंड होते.